सेक्टर मार्केटच्या बरामद्यात लामांचा कळप

लामा हा प्राणी मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तरीही गेल्या फेब्रुवारीत चंदीगडच्या एका सेक्टर मार्केटच्या बरामद्यातून, म्हणजे दुकानांपुढच्या लांब ओसरीतून, मी लामांचा अख्खा कळप हाकत नेला. बाहेर धो धो पाऊस, डोक्यावर परक्या मुलखातली टोपी आणि हातात गोफण. कऱ्हाडला परत आल्यावर हे सांगितलं, तेव्हा आमच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं काळजीनं विचारलं, "तिकडे थंडी फार होती का हो?" म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहून काढते.

आकड्यांचं गाव

माझी मुलगी मुग्धा चंदीगडला सेक्टर एकोणचाळीसमधल्या सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. जावई अमोल हवाई दलात. त्याला अचानक बाहेरची ड्युटी लागली आणि मुग्धाचा फोन आला, "आई, थोडे दिवस येतेस का? इराकडे बघायला कोणी नाही." इरा म्हणजे नात, पाचवीतली. मी बॅग भरली. शाळूचं पीठ, ठेच्यासाठी मिरच्या, कुरडया आणि लेझीम. लेझीम कशाला, असं विचारू नका. उभी हयात मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात गेली, लेझीम घेतली नाही तर बॅग रिकामी वाटते.

आमच्याकडे पत्ता म्हणजे पिठाच्या गिरणीसमोर, पाटलांच्या गोठ्याला लागून, कोणालाही विचारा. इथे कोणालाही विचारायची सोयच नाही. सेक्टर अमुक, घर नंबर तमुक, संपला विषय. रस्ते सरळ, चौकाचौकात गोल बागा, झाडंसुद्धा ओळीनं उभी. पी.टी.च्या बाईला हे गाव आवडायलाच हवं होतं, आणि आवडलंच. पण पहिल्याच संध्याकाळी एकटी फिरायला निघाले आणि सगळे चौक सारखे दिसायला लागले. शेवटी एका किन्नूच्या, म्हणजे तिकडच्या संत्र्यांच्या, रसवाल्यानं मला घराच्या फाटकापर्यंत आणून सोडलं.

इराला मराठी सगळं कळतं. बोलायचं मात्र हिंदीत. "इरा, पाणी आणतेस?" "अभी लाई, आजी." समोरच्या बागेत सकाळी लेझीम काढली, तर खिडकीतून आवाज, "आजी, प्लीज! सब देख रहे हैं!" सगळे म्हणजे शेजारचे एकटे कर्नल ढिल्लों होते. निवृत्त, पांढरी दाढी, निळी पगडी. ते आपल्या पेटुनियांना पाणी घालत होते आणि माझ्या तालावर मान हलवत होते.

पेरूचा कार्यक्रम

"आई, संध्याकाळी पेरूचा कार्यक्रम आहे, येतेस?" मुग्धानं विचारलं. मला वाटलं, फळांचं प्रदर्शन असणार. "चल, अलाहाबादी असतील तर किलोभर घेऊ," मी म्हटलं. पिशवीही घेतली. तो पेरू देश होता, हे मला इंडस्ट्रियल एरियाच्या पलीकडच्या मैदानावर, लोककलांच्या मेळ्यात, खुर्चीवर बसल्यानंतर कळलं. पिशवी घडी करून मांडीखाली सरकवली.

ही मंडळी आली होती पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूनं. अँडीज पर्वताच्या माथ्यावर, ढगांच्या शेजारी एक मोठं सरोवर आहे, त्याच्या काठचं त्यांचं गाव. प्रथम पुरुष आले. अंगावर रंगीत घोंगड्या, कान झाकणाऱ्या लोकरी टोप्या आणि ओठांशी बोरूच्या नळ्या ओळीनं बांधलेलं वाद्य. त्यातून जो आवाज निघाला तो बासरीसारखा गोड नव्हता. डोंगरकड्याच्या फटीतून वारा घुसावा तसा घोगरा होता, आणि त्याच्याखाली एक मोठा ढोल संथ चालला होता.

मग बायका आल्या. घागरे एकावर एक इतके, की गिरकी घेतली की कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे एकेक रंग उघडत जायचे. पाठीवर दोन लांब वेण्या, टोकाला काळे गोंडे. डोक्यावर बशीसारखी सपाट टोपी. ती कशानं बसते कोण जाणे. पहिला नाच होईतो मी नाचाकडे पाहिलंच नाही, टोपी कधी पडते याचीच वाट पाहत बसले. पडली नाही.

त्या जोडीनं नाचायच्या प्रकाराला ते 'वायनो' म्हणतात. हातात रुमाल, कमरेच्या वर सगळं शांत आणि खाली पावलांची बारीक, झपझप ठोकणी. भांगड्यात खांदे आभाळाकडे उडतात. इथे सगळं लक्ष जमिनीकडे, जणू तिला काहीतरी समजावून सांगायचं आहे. शेजारी बसलेला एक तरुण म्हणाला, "काकू, तिथे एवढ्या उंचीवर हवा विरळ असते ना, म्हणून उड्या कमी." हा त्याचा स्वतःचाच शोध असावा. पुढच्याच नाचात तिथल्या पोरांनी माणूसभर उड्या मारल्या.

हा तरुण म्हणजे सौरभ, नांदेडचा. मोहालीत आयटीत आहे. दक्षिण अमेरिकेतले ग्राहक सांभाळता सांभाळता स्पॅनिश शिकला, आणि आता हौसेनं या पथकाचा दुभाषा झाला होता. मराठी ऐकून आमच्याकडे सरकला आणि कार्यक्रम संपल्यावर आम्हाला मंचामागे घेऊन गेला. तिथे सुरकुतलेल्या चेहऱ्याचे एक आजोबा नळ्यांची वाद्यं पुसत होते. त्यांनी मान वर न करता हाक मारली, "इरा!"

"हाँ जी?" आमची इरा पुढे झाली.

आजोबा चमकले. मग सौरभमार्फत उलगडा झाला. त्यांचं नाव एउसेबियो. त्यांच्या त्या वाद्याचे दोन भाग असतात. अर्धे सूर एका भागात, उरलेले दुसऱ्यात. दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकेक सूर टाकतात तेव्हा गाणं पुरं होतं. पुढे जाणाऱ्या भागाला ते 'इरा' म्हणतात, मागून येणाऱ्याला 'आर्का'. आजोबांना इरा वाजवणारा गडी हवा होता, आणि आली ही.

"मतलब मैं लीडर हूँ?" इरानं विचारलं. आजोबांनी तिच्या हातात अर्ध्या नळ्या दिल्या. तिनं जोरात फुंकलं. नुसती हवा. आजोबांनी स्वतःच्या ओठावर बोट ठेवून दाखवलं, बाटलीच्या तोंडावर फुंकतात तसं. चौथ्या-पाचव्यांदा एक घोगरा सूर निघाला आणि आजोबांनी लगेच आपल्या भागातला दुसरा सूर त्याला जोडला. त्या पोरीचा चेहरा काय सांगू! घरी जाईपर्यंत गाडीत सगळ्या रिकाम्या बाटल्या वाजवून झाल्या.

ठेचा, काळे बटाटे आणि कर्नलसाहेबांचं फूल

दोन पाहुण्यांना जेवायला बोलवायचं मुग्धानं तिथेच ठरवून टाकलं. एउसेबियो आले आणि त्यांच्यासोबत आली खुस्तिना. माझ्याच वयाची असावी. ठेंगणी, भरल्या अंगाची, हसली की डोळे गायब. नाचताना सगळ्यांत पुढे तीच होती. सौरभ अर्थातच आला; मराठी जेवणावर त्याचाही डोळा होता.

मी भरली वांगी, भाकरी आणि ठेचा केला होता. ठेचा वाढताना मला मनातून थोडी गंमत वाटत होती, हे कबूल करते. पाण्याचा तांब्या तिच्या जवळ सरकवून ठेवला. खुस्तिनानं भाकरीच्या तुकड्याला चांगला गोळाभर ठेचा लावला, शांतपणे चावला, विचार केला आणि सौरभला काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, चव छान आहे," सौरभ म्हणाला, "पण मुलांसाठी वेगळा केलाय का?"

त्यांच्याकडेही मिरची पाट्यावर वाटतात म्हणे, आणि ती आमच्या मिरचीची थोरली बहीण असते. मग तिनं आपल्या पिशवीतून भेट काढली. सुपारीसारखे काळे, हलके खडे. ते बटाटे होते! हिवाळ्यात रात्री दव गोठतं तेव्हा ते उघड्यावर पसरतात, आणि सकाळी सगळं घर त्यांच्यावर उभं राहून पायांनी तुडवतं, पाणी पिळून काढतं, मग वाळवतं. वर्षानुवर्षं टिकतात. तुडवताना गातात, पावलं तालावर पडतात, आणि म्हणूनच आपल्याकडे सगळ्यांना नाच येतो, असं तिचं म्हणणं. मी कुरडया आणून दाखवल्या. उन्हाळ्यात गच्चीवर घालतो म्हणून सांगितलं.

"तुडवतं कोण?" तिनं विचारलं.

कोणीच नाही म्हटल्यावर तिची जरा निराशा झाली.

जेवणानंतर बागेत ऊन खात बसलो असताना तिनं कमरेला गुंडाळलेली लोकरीची दोरी सोडली. मध्ये रुंद पट्टा, एका टोकाला वळा, दुसरं टोक मोकळं. मी उडालेच. "अगं, ही तर गोफण!" लहानपणी शाळूच्या रानात माळ्यावर बसून मी पाखरं राखली आहेत. खुस्तिना म्हणाली, त्यांच्याकडे यानं लामांचा कळप वळवतात, आणि त्या धनगरकामाचाच एक नाच आहे. दोन ओळी समोरासमोर, सगळ्यांच्या हातात गोफणी, पावलात लामाची चाल. दगड घालत नाहीत, नुसता फटका काढतात.

"द्या इकडे," मी म्हटलं. वळा बोटात अडकवला, डोक्यावरून फिरवली आणि सोडली. फटाक्! अख्ख्या सेक्टरातली कबुतरं उडाली. खुस्तिनानं टाळ्या पिटल्या. पण दोरीचं शेपूट कुंपणावरून पलीकडे गेलं होतं आणि कर्नलसाहेबांच्या कुंडीतलं जांभळं फूल देठापासून उडालं होतं.

ते बाहेर आले. फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले, "निशाणा तो पक्का है, पर टार्गेट गलत चुन लिया."

"आजी, मैं अंदर जा रही हूँ," इरा म्हणाली आणि खरोखरच गेली.

त्याच दुपारी खुस्तिनानं ती गोष्ट सांगितली. सौरभला एका शब्दाशी अडलं होतं. "काकू, तिनं म्हणे देवीला प्रॉमिस... म्हणजे कमिटमेंट..." मी म्हटलं, "नवस म्हण की रे." तिचा मुलगा लहानपणी खूप आजारी होता, छातीत पाणी झालं होतं. ती गावच्या मातेला नवस बोलली, की हा जगला तर दर वर्षी तुझ्या उत्सवात गोफणीचा नाच नाचीन. पोर जगलं, बाप्या झाला. ही एकही वर्ष चुकली नाही. उत्सव नेमका याच आठवड्यात होता. तरी ती आली, कारण मेळ्यातला त्यांचा गोफणीचा नाच त्याच तिथीला ठेवला होता. माता डोंगरावरून बघते, तिला चंदीगडही दिसेल, असं तिनं मनाशी ठरवून घेतलं होतं.

पाऊस

नेमक्या उत्सवाच्या दिवशी पहाटेपासूनच पाऊस लागला. तिथला हिवाळी पाऊस, गार, चिवट, हाडात शिरणारा. दुपारी सौरभचा फोन आला. मेळ्याचा मंडप पाण्यानं खाली बसला होता, कार्यक्रम रद्द झाला होता. वर आणखी एक. खुस्तिनाची भाची, जी नाचात तिच्या समोर उभी राहायची, चिखलात घसरली आणि तिचा पाय घोट्यात सुजला. "काकू, खुस्तिनामावशी जेवल्याही नाहीत," सौरभ म्हणाला. "नुसत्या बसल्यात. तुम्ही या ना."

मुग्धा, इरा आणि मी गेलो. गेस्ट हाऊसच्या खोलीत खुस्तिना पूर्ण पोशाख करून, टोपी घालून पलंगाच्या कडेला बसली होती. मला पाहून तिनं फक्त गोफण मांडीवर सरळ केली. मला बोलायला भाषाच नव्हती. तिच्याशेजारी बसले. तिचा हात बर्फासारखा होता.

"इथेच खोलीत नाचा म्हणावं," मुग्धा सौरभला म्हणाली. त्यानं विचारलं. खुस्तिनानं मान आडवी हलवली. उघड्यावर, लोकांसमोर हवं. शिवाय समोरची जागा मोकळी ठेवून ओळ उभी राहत नाही. मोकळ्या जागेतून कळप निसटतो.

कर्नलसाहेबांना ही बातमी कोणी दिली, ते मला नंतर कळलं. इरानं मुग्धाच्या फोनवरून दिली होती. तास उलटायच्या आत ते भली मोठी छत्री घेऊन दारात हजर. "बरामदा किस दिन के लिए है जी?" ते म्हणाले. "हमारी मार्केट का इतना लंबा बरामदा! ऊपर छत, सामने खुला, और लोग तो बारिश में वहीं खड़े हैं." दुकानदारांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि ओळीतली मोकळी जागा? खुस्तिनानं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"माझा गुडघा..." मी सुरुवात केली. भाचीनं लंगडत उठून आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि आपली गोफण हातात दिली.

लामांचा कळप

ते मार्केट म्हणजे दुकानांची लांब रांग, समोर गोल खांब आणि मध्ये तो बरामदा. लोकरीचं दुकान, औषधांचं, वह्या-पुस्तकांचं, टोकाला हलवाई. पावसात अडकलेली माणसं खांबांना टेकून उभी होती. हलवायानं सगळ्यांना चहा दिला. खुस्तिनानं प्यायच्या आधी कपातले चार थेंब खाली फरशीवर ओतले. हलवाई दुखावला, "क्यों जी, चाय में कुछ गिर गया?" सौरभ समजावू लागला, की पहिला घोट धरणीचा. माझे वडील जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवून बाहेर भाताची चार शितं ठेवायचे, ते मला आठवलं. मीही चार थेंब ओतले. मग हलवायानंही.

ढोल वाजला. बरामद्यात तो असा घुमला की औषधवाल्याच्या काचा थरथरल्या. एउसेबियोंच्या नळ्या सुरू झाल्या, दोन ओळी समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि माझ्या समोर खुस्तिना. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. डोळे पावसापलीकडे कुठेतरी होते.

भाचीनं बोटं चालवून दाखवलेलं पाऊल सोपं होतं. पुढे दोन, मागे एक, गोफण फिरवायची आणि वळायचं. सोपं, पण माझे पाय लेझमीचे. लेझमीत आमचं पहिलं वळण डावीकडे. मी डावीकडे वळले, सगळी ओळ उजवीकडे. मी लोकरीच्या दुकानातल्या मफलरमध्ये शिरले. बाहेर आले, पुन्हा डावीकडे. लोक हसायला लागले. खुस्तिनाची नजर माझ्यावर आली. माझी हौस गेली खड्ड्यात, पण तिचा नवस माझ्या डाव्या पायापाशी अडला होता.

"आजी! उजवीकडे! अगं उजवीकडे वळ!"

खांबाजवळून आवाज आला होता. इरा! जॅकेटची टोपी मागे पडलेली, तोंड लाल. मी उजवीकडे वळले. ती धावत माझ्या बाजूला आली आणि ओळीबाहेरून माझ्यासोबत पावलं टाकू लागली. "आता मागे. आता गोफण. आता थांब... उजवीकडे! शाब्बास!" ते 'शाब्बास' अगदी माझ्या शाळेतल्या सुरातलं. पोरीनं खांबाआडून नाच नुसता पाहिला नव्हता, पाठ केला होता. चार फेऱ्यांनंतर माझे पाय त्या चालीत बसले. मी गोफण फिरवली, फटका काढला, आणि समोर खुस्तिनानं तिचा फटका त्यावर टाकला. छताखाली एकावर एक दोन आवाज फुटले. तिचे डोळे हसण्यात गायब झाले.

पुढचं सगळं मला नीट क्रमानं आठवत नाही. हाकायला कळप हवा, म्हणून कर्नलसाहेब मध्ये शिरले. त्यांच्या लामाचे खांदे मात्र पंजाबीच होते. त्यांच्यामागे हलवाई, औषधवाला, स्कूटर झाकून थांबलेल्या दोन बायका, सौरभ, आणि चक्क मुग्धा, जी लग्नातसुद्धा नाचत नाही. आम्ही दोन ओळी दोन्ही बाजूंनी गोफणी फिरवत तो कळप हलवायापासून लोकरीच्या दुकानापर्यंत हाकला आणि परत आणला. बाहेर पाऊस पागोळ्यांनी कोसळत होता. गुडघा दुखत होता का? असेल. मला त्याचं काही कळत नव्हतं.

ढोल थांबला तेव्हा खुस्तिना गुडघ्यांवर टेकली, कपाळ फरशीला लावलं आणि तशीच राहिली. कर्नलसाहेबांनी हात जोडले होते.

भाचीनं खांबाला टेकून काढलेला नाचाचा व्हिडिओ खुस्तिनानं घरी पाठवला आणि मग फोन लावला. आपली दुपार कलते तेव्हा त्यांच्याकडे उजाडतं. पडद्यावर करडा डोंगर, धूर, टोप्यांची गर्दी आणि तिचा तो मुलगा, चांगला रुंद खांद्यांचा, नाचाच्याच पोशाखात. खुस्तिनानं फोन सगळ्यांवरून फिरवला. पगडी, जिलेबीची कढई, पाऊस, इरा, मी. मुलानं काहीतरी विचारलं, ती उत्तरली आणि तिकडे एकदम हशा झाला.

"काय म्हणाला?" मी सौरभला विचारलं.

"त्यानं विचारलं, ती डावीकडे वळणारी बाई कोण. त्या म्हणाल्या, आपलीच आहे, पण खालच्या आळीची. तिकडचे जरा उशिरा शिकतात."

मी पायरीवर बसले. हलवायानं गरम जिलेबी पुढे केली. खुस्तिना येऊन शेजारी बसली, माझ्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि बोट नाचवत, अगदी कामाच्या सुरात काहीतरी सांगितलं. मी हसून मान डोलावली. सौरभ मात्र हसत नव्हता.

"काकू, तुम्ही हो म्हणालात."

"कशाला?"

"त्या ओळीत एकदा उभं राहिलं की तीन वर्षं नाचावं लागतं. मध्ये सोडता येत नाही. माता रागावते. त्या म्हणतायत, तुमचं पहिलं वर्ष झालं."

"अरे, पण मी तिकडे कशी येणार?"

त्यानं विचारलं. खुस्तिनानं खांदे उडवले, जिलेबीचा मोठा तुकडा मोडला आणि तोंडात टाकायच्या आधी सावकाश उत्तर दिलं.

"त्या म्हणतात, मातेनं चंदीगड शोधलंच ना? कऱ्हाडही शोधेल."